डेट्रॉइटची नव्हे, रेगेन्सबर्गची

जर्मनीत रेगेन्सबर्गला पीएचडी करताना मी आठवड्यातून दोन दुपारी सोल म्युझिकच्या, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या गाण्याच्या, रेकॉर्ड काढणाऱ्या एका छोट्या लेबलसाठी काम करायचे. लेबल म्हणजे तळघरातला एक स्टुडिओ आणि त्याचा मालक. कॉम्प्युटरला तिथे मज्जाव. सगळ्यांनी एका खोलीत, एकदम वाजवायचं, ते टेपवर घ्यायचं आणि त्याच्या छोट्या काळ्या तबकड्या काढायच्या. रेडिओवाल्यांसाठी गायकाची माहिती लिहून पाकिटं भरायची, हे माझं काम.

युनिव्हर्सिटीच्या मेन्झात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, जेवण वाढणाऱ्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. आई इथलीच, वडील काळे अमेरिकन सैनिक, मुलगी रांगायच्या आत परत गेलेले. वाढता वाढता त्या गुणगुणायच्या आणि रांगेतली पोरं ताट पुढे करायला विसरायची. मीच त्यांना तळघरात घेऊन गेले.

मालकाने त्यांच्यावर वर्षभर मेहनत घेतली, हे मी नाकारत नाही. श्वास कुठे घ्यायचा, माइकपासून कधी मागे सरायचं, सगळं शिकवलं. लहान लहान क्लबांत गायला लावलं, मगच रेकॉर्डिंग. गाणं संपलं तेव्हा ड्रमवाला काठ्या हातात धरून तसाच बसून राहिला.

मग मालक मला म्हणाला, "तर मग, लिही. जन्म डेट्रॉइटचा. लहानपणी चर्चमध्ये गायच्या. थोडं दुःख घाल."

"पण त्या तर इथल्याच."

"मेन्झातल्या बाईला कोण ऐकणार? सोल म्हटलं की लोकांना अमेरिका लागते."

मी लिहिलं. लाज वाटते, पण लिहिलं, आणि चांगलं लिहिलं.

बाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. "ही कोण?" त्यांनी विचारलं. "जन्मभर मला विचारतात, तू खरी कुठली? आता माझ्याच रेकॉर्डवर तू त्यांना हवं ते उत्तर देणार?"

"नुसती जाहिरात आहे," मालक म्हणाला.

"मग तुझा जन्म लिही ना डेट्रॉइटचा!" म्हणत त्या जिना चढून गेल्या.

मालकाने बजावलं, पाकिटं आहेत तशीच जातील. दुसऱ्या दिवशी मी मेन्झाच्या रांगेत उभी राहिले आणि बाईंना विचारून नवा कागद लिहिला. जन्म रेगेन्सबर्ग. नोकरी मेन्झात. चर्चमध्ये गायल्या नाहीत, कारण तिथे त्यांना मागच्या ओळीत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. जुन्याच्या जागी तो घालून पाकिटं पोस्टात टाकली आणि मगच मालकाला सांगितलं.

"कोणाला विचारून?" तो ओरडला.

"ज्यांचं आयुष्य आहे त्यांना."

माझं काम तिथेच सुटलं. मोठ्या शहरांतल्या बहुतेक रेडिओ स्टेशनांनी उत्तर दिलं नाही. इथल्या स्टेशनने मात्र बाईंना बोलावलं. त्या इथल्याच ठसकेबाज बव्हेरियन बोलीत बोलल्या. निवेदक गडबडला, गाणं कुठे शिकलात, म्हणाला. "भांडी घासताना," त्या म्हणाल्या.

वर्षभराने त्यांची दुसरी तबकडी निघाली. मालकाने मागच्या बाजूला माझाच कागद छापला, एक शब्दही न बदलता. मला त्याने बोलावलं नाही, मीही गेले नाही.

डेट्रॉइट लिहिलं असतं तर बाई कुठच्या कुठे गेल्या असत्या, असं लोक अजून म्हणतात. गेल्याही असत्या. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्यांना तर मुळीच नाही. ते मी विचारून घेतलं आहे.