आपला सरपंच

तलासरीकडच्या ज्या पाड्यावर माझी शाळा होती, तिथंच आमची ख्रिस्ती मंडळीही भरायची. पत्र्याचं प्रार्थनाघर, रविवारी दाटीवाटीनं बसलेली माणसं. डहाणूहून एसटीनं येणारी मी त्यातलीच एक. २०१८ साली आमच्यातलाच एक तरुण सरपंच झाला. अच्छाडला ट्रकांची पंक्चरं काढणारा, उपासनेत ढोलकी वाजवणारा हसरा पोरगा. पण नुसत्या आमच्या मतांवर तो जन्मात निवडून आला नसता. टेकाडावरच्या पाड्यानं त्याला भरभरून मतं दिली, कारण त्यानं त्यांना बोअर कबूल केली होती. होळी झाली की त्यांची विहीर आटायची आणि ओढ्यावरून हंडे वाहावे लागायचे.

त्या टेकाडावरची एक म्हातारी आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. ती गावदेवाला मानणारी, पण नाताळात आमच्या मागच्या रांगेत येऊन बसायची. तिची सून पोटुशी होती आणि हंडे वाहून कंटाळून गुजरातेत माहेरी गेली होती. दारात पाणी आल्याशिवाय बाळाला घेऊन येणार नाही, असं सांगून गेली होती.

"आपला पोऱ्या झाला सरपंच," म्हातारी मला म्हणाली. "आता येल सून."

मराठीत 'आपला' म्हटलं की ऐकणाराही त्यात येतो, 'आमचा' म्हटलं की तो बाहेर राहतो. तिनं मला आत घेतलं होतं. मला फार बरं वाटलं.

पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर मंडळीचा कारभार बघणारे एक वडील उठले. "आपल्या माणसानं आपलं नाही बघायचं तर कुणी बघायचं? इतकी वर्षं आपल्याला कुणी विचारलं?" ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. बोअर प्रार्थनाघराशेजारी मारायची, असं ठरूनच गेलं. मी उठले. म्हटलं, येशूच्या गोष्टीत वाटेत पडलेल्या जखमी माणसाला ज्यानं उचललं तो परक्या जातीचा होता, हे आपणच मुलांना शिकवतो ना? वडील प्रेमानं म्हणाले, "बाई, ती गोष्ट पोरांसाठी ठीक आहे. हे राजकारण आहे." आणि त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. आता त्यात कोण बोलणार?

सरपंच मला बाहेर गाठून म्हणाला, "मी काय करू, बाई? यांच्याच मांडवात माझं लग्न लागलं. यांच्याच खांद्यावर माझा बाप गेला." त्याला शिव्या द्यायच्या म्हणून बाहेर आलेली मी सरळ एसटीच्या थांब्याकडे वळले. तो वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

ग्रामसभेच्या दिवशी टेकाडावरची माणसं डहाणूच्या चिकूवाड्यांत मजुरीला गेली होती. आमची झाडून सगळी हजर. हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. माझा एकटीचा हात खाली राहिला, पण माझं मत डहाणूला, त्याला कोण विचारतो?

बोअरला धो धो पाणी लागलं. मंडळीनं उपकारस्तुती केली आणि गायला नेमकं मलाच उभं केलं. माझा सूर लागेना. मला देवाचाच राग आला होता. निदान कोरडी तरी जाऊ द्यायचीस.

आमचा हापसा टेकाडापासून ओढ्यापेक्षाही लांब. तिथवर कोण येणार? उन्हाळ्यात एकदा म्हातारी चुलीपाशी बसून म्हणाली, "नातू झाला. बघून आले."

"सून कधी येतेय?"

"नाही यायची. पाणी कुठं आहे?"

मी मान खाली घातली. तीच माझी समजूत घालू लागली. "आमचा गावदेव म्हातारा झाला, बाई. त्याच्यानं होत नाही. तुमचा देव बेस आहे. तुमच्या लोकांना बघतो."

तो असा नाही, हे तिला सांगायचं होतं मला. पण दाखवायला माझ्याकडे काय होतं? आणि तिनं ते टोमणा म्हणून म्हटलंच नव्हतं.