वखारीतला लॅपटॉप

आक्काच्या थोरल्या दिरांनी तिला लॅपटॉप दिला तो जणू जमीनच नावावर करून दिल्यासारखा. सदलग्याच्या घरी, चार माणसांदेखत. "पडूनच हाय, वापर तू." निपाणीच्या त्यांच्या तंबाखूच्या वखारीत तो कित्येक वर्षं पोत्यांवर पडला होता, हे तेवढं सांगायचं राहिलं.

आक्काला तो हवाच होता. निपाणीतला एक प्रेसवाला लग्नपत्रिका घरी टाइप करायला द्यायला तयार झाला होता. एका बाजूला कानडी, दुसऱ्या बाजूला मराठी. तिच्या दोन्ही भाषा पक्क्या. अट एकच, मशीन स्वतःचं पाहिजे. माझी ही बहीण लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागत होती, म्हणून मी ते धूड अनगोळला माझ्या घरी आणलं.

त्यातलं जुनं विंडोज सुरू होईपर्यंत माणसाचं जेवण उरकावं. मी त्याच्या जागी लिनक्स टाकायचं ठरवलं, म्हाताऱ्या मशीनला ते झेपतं म्हणतात. डोंबलाचं झेपतंय! इन्स्टॉलेशन अर्ध्यावर आलं की मशीन पटकन बंद. पेन ड्राइव्हला शिव्या घातल्या, दुसरा आणला. लिनक्सची आणखी हलकी आवृत्ती उतरवून घेतली. पुन्हा अर्ध्यावर बंद, आणि बूड तव्यासारखं तापलेलं. शेवटी स्क्रू काढले.

आत पंख्यावर तंबाखूच्या धुळीचा चिकट तपकिरी थर, आणि त्यात रुतलेले झुरळाचे पाय. हवा जायला जागाच नव्हती. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. जुन्या टूथब्रशनं खरवडत बसलो आणि त्या माणसाच्या उदारपणाची मला शिसारी आली. हात धुऊनही वास जाईना, ताट बाजूला सारलं.

त्यानंतर लिनक्स मुकाट बसलं. वायफाय चालेना, तर मोबाइलचं नेट केबलनं जोडून वायफायचा ड्रायव्हर उतरवला. कानडी आणि मराठी कीबोर्ड घातले आणि लॅपटॉप सदलग्याला नेऊन दिला. आक्कानं आपला पासवर्ड ठेवला, नमुन्याची एक पत्रिका दोन्ही भाषांत टाइप करून दाखवली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसवाला पहिलं काम पाठवणार होता.

त्याच संध्याकाळी दीर आले. मशीन झटक्यात सुरू होतंय हे पाहून खूश झाले.

"पावणं, लई भारी केलंसा की! वखारीत बिलं करायला असलंच पायजे हुतं."

आणि चहा पिता पिता चार्जर गुंडाळायला लागले.

मी आक्काकडे पाहिलं. निदान पासवर्ड तरी तिनं सांगू नये. तिनं तो सांगितला, दोनदा सांगितला, आणि वर लॅपटॉपला धूळ लागू नये म्हणून पिशवी शोधून आणली. दिरांपेक्षा मला त्या पिशवीचीच जास्त किळस आली.

ते गेल्यावर मी ओरडलो, "आक्का, अगं तुला दिलेला हुता त्यो!"

"त्यांचाच हुता की रं. घरात वाईटपणा कशाला?" कपबशा उचलत ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकाळी प्रेसवाल्याला काय सांगू, तेवढं सांग."