मामीचं क्रियापद

आमची मामी प्रार्थनेत डोळे मिटत नसे. पांढुर्ण्याच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये सगळी मंडळी माना खाली घालून, डोळे गच्च मिटून उभी असत आणि बायकांच्या शेवटच्या बाकाशी मामी टक्क उघड्या डोळ्यांनी दाराकडे बघत उभी असे. मला हे ठाऊक, कारण मीही चोरून बघायची. लहानपणी एकदा मी तिला विचारलं, तर म्हणाली, "सगळ्यायनंच मिटले तर बाहेरच्या चपला कोण पाहीन?" आईने मला दटावलं, मामीला मात्र काही बोलली नाही. मामीला चर्चमध्ये कोणीच काही बोलत नसे. बोलायला ती आधी आमच्यातली असायला हवी होती.

ती रामाकोन्याची, संत्र्यांची बाग असलेल्या शेतकरी घरातली. आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, मामा नगरपालिकेच्या पाणी खात्यात नोकरीला. दोघांचं कुठे नि कसं जमलं, हे घरात कधी कोणी नीट सांगितलं नाही; मी विचारलं की आई मला भाजी निवडायला बसवायची. लग्न झालं आणि रामाकोन्याचं दार मामीसाठी लागलं ते लागलंच. मामाने तिला धर्माबद्दल अवाक्षर विचारलं नाही. दर रविवारी ती त्याच्या जोडीने यायची, गाणी म्हणायची, नंतरच्या चहाच्या कपबश्या विसळायची, पण बाप्तिस्मा काही घ्यायची नाही. बायका आडून आडून विचारायच्या. तिचं उत्तर ठरलेलं. "मले त्याले काही मागायचंच नाई. मंग नाव कशाले लिहू?" असं वर्षानुवर्षं चाललं. पास्टर बदलले, बाक बदलले, मामी तिथेच.

त्यांना एकच मुलगी, पल्लवी. वर्षाची व्हायच्या आतच तिचे हातपाय सुजायला लागले, रडून रडून निळी पडायची. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सिकलसेल सांगितलं. हा दोष अर्धा आईकडून आणि अर्धा बापाकडून येतो, दोघांना स्वतःला काही होत नाही, मुलाला मात्र दोन्ही अर्धे मिळाले की भोगावं लागतं, असं त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. रामाकोन्याहून निरोप आला की घर सोडून गेलीस, त्याची ही फळं. मामीने निरोप आणणाऱ्या बाईला चहा पाजला आणि म्हणाली, "लोक लग्नात कुंडली पाह्यतात. आमी तेही नाई पाह्यलं. रक्त पाहाले पायजे होतं, बस." हे ती हसत म्हणाली. मी तिथेच होते आणि मला ते हसणं मुळीच आवडलं नव्हतं.

पल्लवी भांडकुदळ होती. आजारी मुली कशा शहाण्या, सोशिक असतात म्हणे, त्यातलं हिच्यात काही नव्हतं. कुर्त्याच्या रंगावरून, केसांच्या तेलावरून, कशावरूनही आईशी कडाक्याने भांडायची. दुखणं उठलं की मग तिचा आवाज बंद व्हायचा आणि मामी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायची, गुडघ्यावरून पाठीवर, पाठीवरून गुडघ्यावर. बारावी झाल्यावर पोरीने सौसरच्या कॉलेजात बीएससीला नाव घातलं. रोज बसने जायची. संध्याकाळची बस यायची वेळ झाली की मामी चहाचं आधण ठेवी, कारण आल्या आल्या चहा नाही मिळाला तर पुन्हा भांडण.

त्याच वर्षी थंडीत ती गेली. नागपूरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी. अठरा वर्षांची होती.

मातीच्या वेळी तेव्हाचे पास्टर म्हणाले की देवाने लेकराला आपल्या घरी बोलावून घेतलं. मामी मोठ्याने म्हणाली, "घर इथं होतं तिचं." पास्टरांनी पुस्तक मिटलं. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं, आपल्या माणसांत हिने काय हे बोलावं! आज वाटतं, त्या दिवशी त्या कबरीपाशी खरं बोलणारी तेवढी एकच होती.

रामाकोन्याहून तिचा भाऊ आला नाही. आठवड्याने त्याने मालवाहू ऑटोतून संत्र्यांची दोन खोकी पाठवली. मामीने खोकी उघडली, एकेक फळ पुसून टोपलीत रचलं आणि रविवारी चर्चच्या दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाटून टाकलं. "अठरा वर्सं पोट्टीले पाहाले नाई आला, आता संत्री पाठवून राहिला," एवढंच ती मला म्हणाली. स्वतः तिने एक फोडही तोंडात घातली नाही. लोकांना वाटलं होतं, आता ही एक तर चर्च सोडेल, नाहीतर बाप्तिस्मा घेईल. तिने दोन्ही केलं नाही.

तिने लिहायला घेतलं. पल्लवीच्या प्रॅक्टिकलच्या चार वह्या कोऱ्या राहिल्या होत्या, एका बाजूला रेघा आणि एका बाजूला आकृतीसाठी कोरा कागद असतो तसल्या. मामी रेघांच्या बाजूला लिहायची, कोरी बाजू तशीच सोडायची. कागद वाया कशाला घालवतेस म्हटलं, तर म्हणाली, "तिकून तिले काही लिहायचं असंल तर." मामाने मला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टरला दाखवावं का? मलाही तेच वाटत होतं.

मी त्या वेळी नागपुराहून मराठीत एम.ए. करून सौसरच्या शाळेत लागले होते. लाल पेन पर्समध्ये घेऊन फिरायची, दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्वदीर्घसुद्धा मला टोचायचे. मामी मला चिडवून मॅडम म्हणायची. आमचा भाग मध्य प्रदेशात, तिचं स्वतःचं शिक्षण हिंदीतून आठवीपर्यंत. एके दिवशी तिने वही माझ्यापुढे सरकवली, म्हणाली, वाच मॅडम. मी सौसरच्या बसमध्ये वाचायला घेतली आणि बोरगाव यायच्या आत पदर डोळ्यांना लावला.

मला वाटलं होतं, रडगाणं असेल. तसं काहीच नव्हतं. तिने पल्लवीला पुढे जगवलं होतं. पल्लवीची परीक्षा होते, एका विषयात जेमतेम सुटते. बोरगावच्या कंपनीत नोकरी लागते, पहिल्याच आठवड्यात साहेबाशी भांडण. एका मुलाबद्दल काहीतरी लपवते आणि आईला ते डब्यावरून कळतं, कारण पोरगी डब्यात दोघांपुरत्या पोळ्या मागते. सगळं आमच्या बोलीत, मधेच हिंदी, विरामचिन्ह औषधालाही नाही. आणि असं जिवंत, की मी बसमध्ये मान वर करून बघितलं, ही कुठल्या सीटवर आहे.

नागपुराहून ख्रिस्ती लोकांचं एक लहानसं मासिक निघतं. त्यात लोक आपली साक्ष लिहितात, म्हणजे देवाने आपल्याला कसं सावरलं ते. मी मामीला म्हटलं, यातलं एक प्रकरण पाठवू या. ती म्हणाली, "तुले वाटते तर दे." मी ते घरी आणून स्वच्छ उतरवून काढलं आणि उतरवताना दुरुस्त केलं. 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का'. शेवटी एक जागा होती. बस यायची वेळ होते, मामी आधण ठेवते, आणि पुढे लिहिलेलं, 'पल्लवी येऊन राहिली'. जे आमच्याकडचे नाहीत त्यांना सांगते, याचा अर्थ येऊन मुक्कामाला राहिली असा नाही. याचा अर्थ, ती या घडीला वाटेवर आहे, येते आहे. आता दीड वर्षापूर्वी वारलेल्या मुलीबद्दल 'येते आहे' कसं छापायचं? वाचणारे काय म्हणतील? मी 'पल्लवी येत होती' केलं. एक क्रियापद हलवलं फक्त, आणि मनात म्हटलं, आता वाक्य सरळ झालं.

छापून आलं. पास्टरांनी रविवारी उभं राहून वाचलं, बायका रडल्या, कोणी कोणी मामीचे हात धरले. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. घरी आल्यावर मामीने मासिक माझ्यापुढे ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तू तिले रस्त्यात थांबवून देलं," ती म्हणाली.

मी काळ, क्रियापद, वाचक, काय काय सांगितलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मी काही अडाणीपणानं नाई लिवलं ते. म्हणजे, पैल्यांदा हात तसाच चालला, सवयीनं. मंग मी त्याच्याकडे पाह्यलं. खोडाले पेन टेकवला. मंग वाटलं, काहून खोडू? तुमी सारे दर रविवारी उभे राहून तेच म्हणता ना, का मेलेले उठतीन. तुमी म्हणता. मी लिवलं."

बावीस वर्षं डोळे उघडे ठेवून उभी असलेली ही बाई त्या एका ओळीत विश्वासाला येऊन पोचली होती. कोणत्या पास्टरने आणली नाही, आम्ही तर मुळीच नाही. पोरीसाठी आधण ठेवता ठेवता, वहीत लिहिता लिहिता ती आपल्या पायांनी आली होती. आणि मी, जन्माची ख्रिस्ती, तिला लाल पेनने परत पाठवली. मी माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ दे, छापून गेलं. पण त्यानंतर तिने लिहिणं बंद केलं.

मी काय नाही केलं! नवी वही नेली, पेन नेले, मासिकाला चूकदुरुस्ती छापायला लावते म्हटलं. ती माझं मन राखायला वही उघडून बसायची, दोन ओळी लिहायची आणि थांबायची. एकदा मी विचारलंच, काय होतं तुला? म्हणाली, "सारं बरोबर चालते. पोट्टी कॉलेजातून निघते, बसमंदी बसते. तिथं आलं का तुहं 'होती' दिसते मले." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी चार शब्द ऐकून मोकळी झाले असते. दोन वर्षं वह्या कपाटात होत्या. पल्लवी गेल्यावरही रोज चालू असलेलं संध्याकाळचं आधण ठेवणंही तिने सोडलं. मामा बाहेर टपरीवर चहा प्यायला लागला.

मग तिचं दुखणं निघालं, पोटाचा कॅन्सर. नागपुराहून घरी पाठवलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. चर्चला तेव्हा नवे पास्टर आले होते, नगर भागातले, तरुण, भला माणूस, पण आमची बोली त्यांना उमजायची नाही. गोटमारीच्या दिवशी, म्हणजे आमचं गाव नि पलीकडचं सावरगाव जाम नदीवर एकमेकांना दगड मारतात त्या दिवशी, ते नदीकडे फिरायला निघाले होते. मामीने त्यांना खिडकीतून सांगितलं, तिकडं जाऊ नका, सावरगावाकडून दगड चालून राहिले. ते थांबले आणि मला विचारू लागले, दगड चालून कुठे राहिले? त्यावर मामी पोट धरून हसली होती. तिचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही.

एका दुपारी तिने मामाला पाठवून त्या पास्टरांना बोलावून घेतलं. मला शाळेत निरोप आला, मी मधल्या सुट्टीतच निघाले. पोचले तर खाटेशेजारी स्टुलावर पाण्याची वाटी, पास्टर उभे, मामा पायथ्याशी बसलेला. मामीला बाप्तिस्मा हवा होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त भीती वाटली, की ही आमच्या समाधानासाठी करते आहे, कबरस्तानात मामाला तिच्या शेजारी जागा मिळावी म्हणून, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून.

पास्टरांनी प्रार्थना केली आणि रीतीप्रमाणे विचारलं, प्रभू येशूवर तुमचा विश्वास आहे काय? उत्तर काय द्यायचं हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मामीला श्वास लागत होता. मग म्हणाली,

"करून राहिली."

पास्टर गोंधळले. त्यांच्या कानांना ते, कधीतरी करून झालं, असं काहीतरी लागलं असणार. त्यांनी हळूच माझ्याकडे वळून विचारलं, "करून राहिल्या म्हणजे? हो समजायचं का नाही?"

मराठीची बाई मी. मामा माझ्याकडे बघत होता, मामीही. मग मी म्हटलं, "आमच्याकडे याचा अर्थ, या घडीला करते आहे. झालेलं नाही, पण चालू आहे."

"म्हणजे होयच की," पास्टर म्हणाले, आणि त्यांनी वाटीत हात बुडवला.

ते गेल्यावर मी तिचं कपाळ पुसलं. मामा त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेला होता. मामीने माझं मनगट धरलं, त्यात जोर असा नव्हताच. "मॅडम," ती म्हणाली, "हे तरी दुरुस्त करू नको."

नाही करणार म्हटलं. आणि केलं नाही. चर्चच्या वहीत पास्टरांनी मला विचारून तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घेतलं आहे. 

त्या शुक्रवारी सकाळी मामी गेली. हे वाक्य व्याकरणाने अगदी बरोबर आहे. तीन पिढ्यांची ख्रिस्ती मी, दर रविवारी उभी राहून सगळं म्हणते, आणि तिच्याबद्दल मला अजून एवढंच लिहिता येतं. तिचं क्रियापद हातात घ्यायची माझी छाती होत नाही.