बाईंची पहिली निवड

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते. फोन त्यांच्या भावजयीचा होता. "वैशाली, बाई गेल्या गं. सकाळी चहा घेतला, अन् बसल्या बसल्या गेल्या..." मी "बरं" म्हटलं आणि समोर उभ्या असलेल्या पालकांचा दाखला पुरा करून दिला. सांगायला लाज वाटते, पण रडू यायच्या आधी मनात आलं ते एवढंच, की आता खरं सांगायचं राहिलं. त्याला दीड महिना झाला.

बाई म्हणजे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या शाळेच्या खेळाच्या शिक्षिका, आणि आमच्या महिला बास्केटबॉल संघाच्या सर्वेसर्वा. लग्न केलं नाही, संघ केला. सामना चालू असताना त्या कधी खुर्चीवर टेकल्या नाहीत. पंचाचा निर्णय पटला नाही की कडेनं ओरडायच्या, "पावणं, चष्मा घरी राहिला काय?" पंच बिचारा बहुतेक वेळा त्यांचाच जुना विद्यार्थी असायचा. त्यांच्या हाताखाली मी सतरा वर्षांची असल्यापासून खेळले, पुढं कप्तान झाले. उंचीनं मी जेमतेम पाच फूट. पण बॉल कुणाकडं द्यायचा हे मला कळायचं, त्यावर माझं निभावलं.

आमचं दुखणं एकच होतं. शहरातल्या सहा संघांत आमचा नंबर कायम तिसरा. चषक पहिल्याला मिळायचा, आणि शाळा संपवून मोठ्या गटात येणाऱ्या मुलींचं वाटप व्हायचं त्यात पहिली निवड शेवटच्या संघाला. म्हणजे आम्हाला चषकही नाही आणि चांगली पोरगीही नाही. एका वर्षी पुन्हा तिसरे आलो तेव्हा बाईंनी आम्हा चार जुन्याजाणत्या खेळाडूंना घरी बोलावलं, पोहे खाऊ घातले आणि म्हणाल्या, "आता तुम्ही थांबायचं. पुढच्या वर्षी बारक्या पोरी खेळतील." मी तेव्हा चौतिशीची. ताटली खाली आपटली. "बाई, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय तुम्ही."

"हातात काय हाय तुझ्या?" बाई म्हणाल्या. "तिसरा नंबर? त्याचं काय लोणचं घालू मी?"

मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. पोरी सामन्यामागून सामने हरत होत्या, ते ऐकून मला बरं वाटायचं, हेही कबूल करते. एका रविवारी न राहवून गेले आणि जाळीबाहेर उभी राहिले. त्या दिवशी आमच्या एका पोरीनं हातातला बॉल सरळ सोडून दिला. शेवटचा नंबर आला तर फायदाच आहे, हे तिच्या कानावर गेलेलं. बाईंनी भर सामन्यात तिला बाहेर काढलं. "हरायचं असंल तर खेळून हर. मुद्दाम सोडलास तर कान उपटीन." मग मागं न बघताच मला म्हणाल्या, "आन् तू लांबनं काय बघतीस? हिकडं ये की." मी गेले. तेव्हापासून मी त्यांची मदतनीस. पोरी जीव तोडून खेळल्या आणि शेवटच्या आल्या.

निवडीच्या आधी बाईंचं पोटाचं दुखणं वाढलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. बैठकीला मला पाठवलं. "राधानगरीची रेवती. उंच हाय. दुसरं नाव तोंडात आणू नगंस." वर्षभर पोरींनी मार खाल्ला तो ह्या एका नावासाठी, हे मला ठाऊक होतं. पण आदल्या दिवशीच्या चाचणीत मी गगनबावड्याची मुक्ता पाहिली होती. बुटकी, काटकुळी. तिच्या हातात बॉल आला की बाकीच्या चौघी आपोआप मोकळ्या जागी पळायला लागायच्या. बैठकीत आमची पाळी आली आणि माझ्या तोंडून निघालं, "मुक्ता." कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या संघानं लगेच रेवतीचं नाव घेतलं... ती पोरगी मी संघासाठी निवडली की तिच्यात मला मीच दिसले म्हणून, हे मी घरी येईपर्यंत स्वतःला विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेले. बाईंचा चेहरा एवढासा झालेला. "घेतलीस नव्हं उंच पोरगी?" त्यांनी विचारलं.

"घेतली की, बाई."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि डोळे मिटले. त्यानंतर त्या घरी आल्या, मी रोज जात होते, आणि रोज मूग गिळून गप्प बसत होते. आठवड्यात त्या गेल्या. मी त्यांना फसवून पाठवलं, हे ओझं घेऊन मी पोरींचा सराव घेत राहिले. मुक्ताकडं सरळ बघणंसुद्धा मला जमत नव्हतं.

गेल्या सोमवारी आमचे कपडे शिवणाऱ्या टेलरमामांचा फोन आला. "बाईंनी एक जोड टाकलाता. तयार होऊन पडलाय, न्यायला कोणच आलं न्हाय." मला वाटलं, रेवतीसाठी असणार. पाय ओढत गेले. मामांनी पिशवी उघडली तर आत शॉर्ट आणि बारकासा टी-शर्ट, आणि त्याच्या पाठीवर नाव, मुक्ता.

"हे कधी सांगितलं बाईंनी?"

"दवाखान्यातनं. ती तुमची बैठक झाली न्हवं का, त्याच दिवशी सांजच्याला. पोरीच्या बापाला फोन लावून मापं घेतली म्हणाल्या. आमच्या वैशीनं निवडलीया, चांगलं शिवा, म्हणाल्या."

म्हणजे मी खोटं बोलायला गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीच बाईंना सगळं कळलं होतं. कुणी कळवलं कोण जाणे, कोल्हापुरात अशी गोष्ट लपते होय! मी तिथंच स्टुलावर बसले. आधी रागच आला, मला खोटं बोलू दिलं म्हणून. मग इतकं हलकं वाटलं, की मामांनी पुढं केलेला चहा मी दोनदा मागून घेतला. बाई फसल्या नव्हत्या. माझी निवड त्यांनी माझ्याआधी मान्य केली होती.

शनिवारी मुक्तानं ते कपडे घातले. तिला अगदी बेताचे बसले. खेळता खेळता ती थांबली आणि शॉर्टची कड उलटी करून मला दाखवायला लागली. आत चांगलं चार बोटं कापड दुमडून टीप मारलेली. मामांनी स्वतःहून इतकं कापड सोडलं नसतं. माझं ऐकलं खरं, पण बाईंनी उंचीचा हट्ट काही सोडला नव्हता!

"ताई, हे टोचतंय. कापून टाकू?"

"कापायचं न्हाय," मी म्हटलं. "वाढ की गं."