मोठेबाबांची हसण्याची वही

सुधाचा फोन आला तेव्हा मी हिंगणघाटला शाळेत सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. "नंदे, बाबा गेले. येजो," एवढंच ती बोलली. मी उरलेले चार पेपर तपासले, गठ्ठा बांधला आणि सिंदीला निघाले. त्याला आता दीड महिना झाला. रडू तेव्हा आलं नाही, आताही येत नाही. पण डोक्यात एक गोंधळ बसलाय, तो काही उठत नाही.

सुधाचे बाबा म्हणजे माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. सिंदी रेल्वे या आमच्या गावात त्यांचं कापडाचं दुकान, आणि मोहल्ल्यातला पहिला टीव्ही त्यांच्याकडेच. विनोदी मालिकेच्या संध्याकाळी बैठकीत पाय ठेवायला जागा नसे. आजोबा खुर्चीत, पोरं सतरंजीवर, शेजारच्या बायका मागे भिंतीला टेकून. घरच्या सुना सासऱ्यांसमोर बसत नसत, त्यामुळे मोठीआई, म्हणजे सुधाची आई, आत स्वयंपाकघरात. मालिका साध्यासुध्या, हिंदी. एक जोडपं, एक शेजारी, काहीतरी बिघडलेली वस्तू. हल्ली माझी मुलगी त्यातले भाग फोनवर बघते आणि दर दोन वाक्यांना फिसकन हसते. "आई, हे तुम्ही आजोबांसोबत बसून बघत होता?" बघत होतो. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा काही नसावं. आमच्या तर नव्हतंच.

मी तेरा वर्षांची होते. मालिकेत शेजारी रेडिओ दुरुस्त करायला येतो आणि घरच्या बाईला म्हणतो, "भाभीजी, जो काम भाईसाहब से साल भर में नहीं हुआ, वो मैं दस मिनट में कर दूँगा." मागच्या बायका खुसखुसल्या. त्या हसल्या म्हणून मीही हसले, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा निघाला. मोठेबाबा उठले, टीव्हीचा आवाज बारीक केला, वळून माझ्याकडे बघितलं. "काऊन हासली वं, नंदे?" मागच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. "सांग ना, काऊन हासली?" का हसले ते काय सांगावं, मला कळेना. मी रडत घरी पळाले. पुन्हा त्यांच्याकडे टीव्ही बघायला गेले नाही.

लग्नानंतर कधीतरी त्या वाक्यातली गंमत कळली आणि राग दुप्पट झाला. म्हणजे या माणसाने चार लोकांत मला निर्लज्ज ठरवलं होतं तर! तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत आले. पाया पडायचं, तब्येत विचारायची, निघायचं. दिवाळीत शेवटची भेटले तेव्हा ते खाटेवर होते. "नंदे, तुले एक विचाराचं होतं..." असं काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, "पडून राहा तुमी, मग बोलू." मला बस गाठायची होती.

तेरवी झाल्यावर सुधाने कपाट आवरायला काढलं. त्यात एक दोनशे पानी वही निघाली. पानोपानी मालिकांतली वाक्यं, आणि प्रत्येकाखाली कोण हसलं, काऊन हसलं. मी विचारलं, हे काय?

"आईसाठी," सुधा म्हणाली. "आतून तिले फक्त हासणं ऐकू ये. मग बाबा तिच्या जेवणाच्या वेळी दाराशी पाट टाकून बसत आणि पूर्ण गोष्ट सांगत. त्यायले सोताले जोक समजत नसे, म्हणून लोकायले विचारत फिरत. तुले माहीत नाई?"

मला माहीत नव्हतं. त्या पाटावर बसलेले मोठेबाबा मी शंभरदा पाहिले होते. जेवून तिथेच टेकले असतील, असं धरून चालले होते.

रेडिओचं पान सापडलं. वाक्य जसंच्या तसं, आणि खाली: "सर्वे हासले. नंदीले विचारलं तर रडली. आता कोणाले विचारू?" त्याखाली दुसऱ्या पेनाने: "हिले तसंच सांगितलं. ही पदर तोंडाले लावून लय हासली. काऊन, ते सांगत नाई."

तोवर पंधरा वर्षं संसार केलेल्या माणसाला हे कळलं नसेल? मोठीआईला विचारावं, तर ती त्यांच्या आधीच गेली. सुधा म्हणते, सगळं कळत होतं, आईला हसताना बघायचं म्हणून भोळेपणा करत. मी पान चारदा वाचलं. कधी तिचं पटतं, कधी वाटतं त्यांना खरंच कळलं नव्हतं. दोन्हींतलं काहीही असलं तरी मी पस्तीस वर्षं धरलेला राग कुठे मांडायचा, ते समजत नाही.

पाट अजून स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे, भिंतीला उभा. त्या दिवशी मी तो आडवा केला आणि बसले. सुधा पोळ्या लाटत होती.

"आता तरी सांग," ती म्हणाली, "काऊन हासली होती?"

"सगळे हसले म्हणून."

तिचं लाटणं थांबलं. "मंग बाबाले एवढंच सांगाचं होतं ना, बाई."

मी वही उघडली. त्या पानावर खाली दोन ओळींची जागा आहे. माझ्याकडे पेन होतं, लाल, पेपर तपासायचं. त्याचं टोपण काढलं आणि पहिल्या ओळीवर लिहायला घेतलं: "सगळे हासले म्हणून."