मेंढरांसाठी मोकळे ठेवलेले वीस गुंठे

चांदवडजवळच्या आमच्या गावी गेले की माझी पहिली चक्कर झुंबरकाकूंकडे असते. नात्याने त्या माझ्या चुलत सासूबाई. पासष्टी उलटली, तरी रोज शेतात असतात. बोलता बोलता वाकून मातीचं ढेकूळ उचलायचं आणि बोटांत दाबायचं, ही त्यांची जुनी सवय. हल्ली ते ढेकूळ फुटत नाही.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा बाजरी निघाली की शेत रिकामं असे, आणि दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेले धनगर तिथे मेंढरं बसवत. दोनशे मेंढरं आठ-दहा रात्री एकाच रानात बसली की लेंड्यामुताने माती लोण्यासारखी होई. बदल्यात धनगराला बाजरी द्यायची. "पाय टाकला की घोट्यापोतर आत जायचा," असं काकू सांगतात, तेव्हा त्यांचा पाय खरंच थोडा पुढे सरकतो.

मग कांदा आला. लाल कांदा निघतो न निघतो तोच उन्हाळ कांद्याची घाई. शेत मोकळं राहीना, कळप थांबेना. बैल गेले तसं घरचं शेणही गेलं. शेणखताची ट्रॉली लांबून येते आणि तीत निम्मी मातीच असते. उरलं गोणीतलं खत, तेही दरसाल मूठभर जास्तच लागतं. माती तपासून आलेला कागद मीच त्यांना वाचून दाखवला होता. सेंद्रिय कर्ब फार कमी, म्हणजे मातीत जीव उरला नाही, असं मी समजावलं. "कागदाला आत्ता कळलं होय," एवढंच त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी त्यांनी मुलापाशी, यादवपाशी, हट्ट धरला. विहिरीजवळचे वीस गुंठे मका काढल्यावर मोकळे ठेवायचे, तिथे मेंढरं बसवायची. सगळं रान दीड एकराचं. वाफ्यातलं कांद्याचं रोप कुणासाठी थांबत नाही, आई, असं यादव दोनदा म्हणाला. पण शेवटी कबूल झाला. नाथा धनगराला मीच फोन लावून दिला; आठ दिवसांत पोचतो, म्हणाला. नाथाच्या वडिलांचा कळप पूर्वी याच रानात बसायचा. त्या आठ दिवसांत काकूंनी दारात रोज सडा टाकला, जणू लेक माहेरी यायची होती.

कळप दुपारी चारला आला. आधी घंट्या ऐकू आल्या, मग धूळ दिसली. काकू पदर खोचून पुढे गेल्या. पण नाथा बांधावरच थबकला. खाली बसून त्याने गवताची एक पिवळी काडी उपटली आणि बोटात फिरवून पाहिली.

"आक्का, बांध फवारलाय का?"

"आमच्यात कोन फवारतंय? उन्हानं वाळलं आसंल."

यादव माझ्यामागे उभा होता. "मी मारलं तणनाशक," तो हळूच म्हणाला. "पाहुणे यायचे, बांध कसा माजला होता. म्हटलं, जरा साफ दिसावं."

त्यात खोटं काही नव्हतं. अख्ख्या गावाचे बांध असेच साफ होतात.

बांधापासून लांब, रानाच्या मधोमध जाळी लावून मेंढरं आत कोंडायला काकूंनी सुचवलं. जाळीखालून एखादं निसटतंच, म्हणत नाथाने मान हलवली. मागे एका गावात फवारलेलं गवत खाऊन त्याची अकरा मेंढरं अशीच मेली होती. "तुमच्या रानात बसायचं म्हनून मी वाट वाकडी करून आलो, आक्का. पन जितराबाला कसं सांगू, हे खाऊ नको म्हनून?"

काकूंनी त्याला चहा पाजला, बाजरीही दिली. तो ती घेईना; त्यांनीच घोंगडीत बांधून दिली. यादव मात्र विहिरीच्या कठड्याला टेकून कितीतरी वेळ खाली बघत होता.

सांजेला कळप ओढ्यापलीकडच्या एका रानात शिरला. तिथला बांध हिरवा होता. काकू आणि मी इकडच्या काठावर उभ्या होतो. धनगरांनी जाळी ताणली, मेंढरं एकेक करून बसत गेली, आणि वाऱ्यावर तो उग्र, ओला वास आमच्यापर्यंत आला. काकूंनी तो खोल ओढून घेतला.

"ज्येष्ठात माघारी येताना बघू, म्हनलाय नाथा," त्या म्हणाल्या.

"तोवर तर कांदा निघालेला असेल. रान मोकळं असेल," मी म्हटलं.

"रान मोकळं आसंल गं. पन तेव्हा त्यांना घरची ओढ आसती. थांबत नायत."

मागून यादवने विचारलं, उद्या त्या वीस गुंठ्यांत कांद्याचं रोप लावायला बाया सांगू का. काकूंनी होय म्हटलं. नजर मात्र ओढ्यापलीकडेच होती.