सोमवारी झोपणारे पाळकसाहेब

शांतवनराव पाळकसाहेबांची आणि माझी पहिली भेट झालीच नाही, कारण साहेब झोपले होते. मी नुकताच नायगावच्या ख्रिस्ती मंडळीत पाळक म्हणून रुजू झालो होतो. मुदखेडच्या साहेबांचं नाव ऐकून होतो, म्हणून एका सोमवारी भर दुपारी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांच्या पत्नीनं, पाळकीणबाईंनी पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आज सोमवार हाय. साहेबांना उठवायचं न्हाई. तुम्ही जेवून जा." मी जेवलो आणि तसाच परतलो. वाटेत मनात म्हटलं, मेंढरं वाऱ्यावर सोडून मेंढपाळ खुशाल घोरतोय. साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो आहे, तर आधी ही कबुली दिलेली बरी.

मी स्वतः सोमवारीही थांबत नसे. कुणाची सोयरीक मोडायला आलेली, कुणाचे वडील नांदेडच्या दवाखान्यात, पंचांची आपसात धुसफूस. सगळीकडे मी हजर. "आमचे पाळक लई धावतात," असं लोक म्हणत आणि मला ते गोड लागे. सहा वर्षं हे चाललं. मग एकदा मंडळीतल्या आजारी याकोबभाऊंच्या उशाशी बसून प्रार्थना करताना मी त्यांच्याऐवजी दुसऱ्याच माणसाचं नाव घेतलं. त्या माणसाला आम्ही मागच्याच आठवड्यात मूठमाती दिली होती. याकोबभाऊंच्या बायकोनं दचकून डोळे उघडले. तोंड प्रार्थना करत होतं आणि मी तिथे नव्हतोच. घरी येऊन मी राजीनामा लिहिला, आणि वरिष्ठांकडे पाठवण्याआधी साहेबांना दाखवायला मुदखेडला गेलो.

साहेबांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. उपदेश केला नाही. म्हणाले, "हिमायतनगरला असताना मी बी असाच धावून राहिलो होतो. एक विधवा बाई दारात आली. माझ्यात उभं राहायचं बळ नव्हतं. तिच्यावर खेकसलो, उद्या ये म्हणून. ती परत आलीच न्हाई. तवापासून सोमवारी झोपतो. थकलेला माणूस दुसऱ्याला दुखवतो, बाबा."

मग त्यांनी राजीनामा आपल्या बायबलात ठेवून दिला. "चार रविवार तुम्ही इथं शेवटच्या बाकावर बसायचं. इथली सकाळची उपासना झाली की दुपारी नायगावला मी जाईन." साहेब तेव्हा सत्तरीला आले होते. मी नको नको म्हणत राहिलो. त्यांनी तोवर पाळकीणबाईंना चहा टाकायला सांगितलं होतं.

पहिल्याच रविवारी माझी फजिती झाली. उपासना संपत आली, साहेबांनी आशीर्वादासाठी हात वर केला, आणि शेवटच्या बाकावरून सवयीनं माझाही हात वर गेला. शेजारच्या रूथआजींनी माझी बाही धरून तो खाली ओढला. "डोकं खाली घाल, बाबा," त्या पुटपुटल्या. "आज द्यायचा न्हाई, घ्यायचा हाय." मी मान खाली घातली आणि रडू फुटलं. सहा वर्षांत माझ्यासाठी कुणी आशीर्वाद मागितला असेल, पण तो घ्यायला मी जागेवर नव्हतो.

पाचव्या रविवारी मी नायगावला उभा राहिलो. उपासनेनंतर थेट याकोबभाऊंकडे गेलो, माफी मागितली आणि त्यांच्याच नावानं प्रार्थना केली. राजीनामा साहेबांनी परत दिला नाही, मीही मागितला नाही. आता सोमवारी माझ्याही दारात येणाऱ्याला पाणी मिळतं, जेवण मिळतं आणि पाळक झोपलेत हे उत्तर मिळतं. खरंच कुणाचा जीव अडला असेल तर मात्र उठवायचं, हाही साहेबांच्याच घरचा नियम आहे.

प्रभू साहेबांना उदंड आयुष्य देवो, पाळकीणबाईंची साथ देवो, आणि त्या आयुष्यात निवांत सोमवार भरपूर देवो. पंचाहत्तरीच्या गौरव समारंभात शेवटचा आशीर्वाद देण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. साहेबांना मी ओळखतो. माझ्याबरोबर त्यांचाही हात वर जाणारच. तेव्हा मी खाली उतरून त्यांच्याजवळ जाईन, तो थकलेला हात माझ्या हातात घेईन आणि सांगेन, "साहेब, बसा. आज द्यायचा न्हाई, घ्यायचा हाय."